ऐतिहासिक वास्तूंचे जतन : आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)





संमेलनात शिक्षक बोलायला उभा राहिला की निकाल, शिस्त आणि मोबाइल या तीन विषयांवरच तो बोलणार, हे आपण गृहीत धरलेले असते. आज या तिन्ही विषयांना मी रजा दिली आहे. आज मला बोलायचे आहे ते आपल्या राज्यातील जुन्या, ऐतिहासिक वास्तूंविषयी. त्या कोणी बांधल्या हे पाठ्यपुस्तकात सापडते. त्या उद्या शिल्लक राहणार की नाही, हे मात्र पाठ्यपुस्तक ठरवीत नाही. ते तुम्ही आणि मी ठरवणार आहोत.

आपले राज्य या बाबतीत फार श्रीमंत आहे. अजिंठा आणि वेरूळची लेणी १९८३ साली जागतिक वारसा यादीत गेली, घारापुरीची लेणी १९८७ साली गेली. मुंबईच्या मुख्य रेल्वे स्थानकाची इमारत २००४ साली आणि मुंबईतील जुन्या शैलीच्या इमारतींचा समूह २०१८ साली त्या यादीत आला. २०२५ साली मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना हा मान मिळाला. त्यांपैकी ११ किल्ले महाराष्ट्रातले आहेत आणि जिंजीचा एक तामिळनाडूत आहे. ही झाली जगाने नावाजलेली स्थळे. पण प्रत्येक तालुक्यात जुनी बारव, वेस, मंदिर, मशीद, दर्गा, गढी किंवा कबरस्तान असतेच. त्यांची नावे कोणत्याही जागतिक यादीत नाहीत. माझे बोलणे मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

सुरुवातीलाच एक प्रश्न निकालात काढू या. या वास्तू कोणाच्या? किल्ले त्यांचे आणि मकबरे आमचे, अशी वाटणी हल्ली फार सहज केली जाते. दगडांना मात्र ही वाटणी मान्य नाही. पन्हाळ्याचेच उदाहरण घ्या. हा गड शिलाहार राजा भोज याच्या काळातला. पुढे तो आदिलशाहीकडे आला आणि तिथला सुंदर तीन दरवाजा त्या काळात उभा राहिला. त्यावर फारसी शिलालेख आहे. याच गडाला १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पडला आणि शिवाजी महाराज त्यातून निसटले. पुढे महाराणी ताराबाईंचे राज्य याच गडावरून चालले. आता यातला कोणता थर खरवडून काढायचा? एक थर काढला तरी बाकीच्यांचा अर्थ लागत नाही.

छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, बीबी का मकबरा आपण सर्वांनी पाहिला असेल. त्याच्या मुख्य प्रवेशद्वारावरील लेखात दोन नावे आहेत. एक वास्तुविशारद अताउल्ला आणि दुसरे स्थापत्यकार हंसपतराय. दोघांनी मिळून काम केले आणि दोघांची नावे एकाच दारावर राहिली. तो लेख उद्या पुसला गेला, तर हंसपतराय नावाचा माणूस इतिहासातून नाहीसा होईल आणि दोघांनी मिळून काम केल्याचा पुरावाही त्याच्याबरोबर जाईल.

अहिल्यानगरचा, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचा, किल्ला निजामशाहीचा. १९४२ नंतर इंग्रज सरकारने पंडित नेहरू आणि मौलाना आझाद यांना तिथेच कैदेत ठेवले. नेहरूंनी तिथे ‘भारताचा शोध’ लिहिला आणि मौलानांनी ‘गुबार-ए-खातिर’. भिंती निजामशाहीच्या, कैद इंग्रजांची आणि ग्रंथ स्वतंत्र भारताचे! अशा वास्तूवर एकाच गटाची मालकी कशी सांगणार? आपल्या राज्यघटनेत १९७६ साली मूलभूत कर्तव्यांचा भाग घालण्यात आला. त्यात आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. ‘संमिश्र’ हा शब्द विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. १८६१ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते सुरू झाले. १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा झाला आणि स्वातंत्र्यानंतर १९५८ साली आजचा केंद्रीय कायदा आला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६० चा आहे. देशात साडेतीन हजारांहून अधिक स्मारके केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत. त्यांपैकी पावणेतीनशेहून अधिक आपल्या राज्यात आहेत. राज्य शासनाच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आणखी साडेतीनशेहून अधिक स्मारके आहेत. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. स्मारकाची नासधूस करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भिंतीवर कोळशाने नाव लिहिणाऱ्या आमच्या दहावीच्या शूरवीरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

पण हिशेब करून पाहा. केंद्राची आणि राज्याची मिळून सहा-सातशे स्मारके, आणि राज्यात गावे चाळीस हजारांच्या वर! म्हणजे बहुसंख्य गावांतल्या जुन्या वास्तूंना ना निळी पाटी आहे, ना पहारेकरी. त्यांचा रखवालदार एकच, तो म्हणजे तिथला गावकरी. सरकार एखाद्या स्थळाला संरक्षित म्हणून जाहीर करू शकते. जतन मात्र जवळ राहणारा माणूसच करू शकतो.

मग जतन म्हणजे काय? इथेच आपल्या समजुतीत मोठी गफलत आहे. आपल्याला वाटते, जुने पाडून नवे, चकचकीत केले म्हणजे जतन झाले. शास्त्र नेमके उलटे सांगते. जे आहे ते आहे तसे अधिक काळ टिकवणे, म्हणजे जतन. पडका भाग सावरावा, पण त्याला नवा मुखवटा चढवू नये. सर जॉन मार्शल हे पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असताना १९२३ साली जतनकामाची नियमपुस्तिका निघाली. तिचा गाभा हाच आहे.

जुन्या इमारतीचे शत्रू तीन : पाणी, झाड आणि माणूस. पाणी हा पहिला शत्रू. गच्चीला भेग पडली, पन्हळ तुंबली की पावसाचे पाणी भिंतीत मुरते. मग चुना सुटतो आणि दगड सैल होतो. त्या फटीत पक्षी पिंपळाचे, वडाचे, उंबराचे बी टाकतात. रोप वीतभर असते तेव्हा ते मुलाच्या हातानेही उपटता येते. दहा वर्षांनी त्याचे मूळ मनगटाएवढे होते आणि दगड फोडून बाहेर येते. मग ते ओढून काढले तर मुळाबरोबर भिंतच येते. म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी पन्हळी साफ करणे आणि पावसाळ्यानंतर रोपे उपटणे, एवढे जरी झाले तरी जतनाचा मोठा भाग झाला. त्याला लाखो रुपये लागत नाहीत. शिडी आणि दोन तरुण लागतात.

तिसरा शत्रू माणूस, आणि त्यातही चांगल्या हेतूने काम करणारा माणूस! जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. किल्ल्यांवर आजही चुन्याचे घाणे पाहायला मिळतात. त्या गोल चरात दगडी चाक फिरवून चुना आणि वाळू मळत. गूळ, बेलफळ असे पदार्थही चुन्यात घालण्याची पद्धत होती. या चुन्याचा गुण असा की तो श्वास घेतो. भिंतीत शिरलेला ओलावा तो हळूहळू बाहेर सोडतो. त्यावर आपण सिमेंटचा गिलावा केला की ओलावा आत कोंडतो. पाण्याबरोबर आलेले क्षार दगडातच साठतात आणि काही वर्षांत दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. सिमेंट वाईट नाही. नव्या इमारतीला ते हवेच. पण चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर प्लॅस्टिक बांधण्यासारखे आहे. तेलरंगाचेही तेच, आणि चकाकत्या फरशांचेही तेच.

चांगल्या हेतूने केलेले कामही कसे अंगाशी येते, याचा धडा अजिंठ्याने दिला आहे. अजिंठा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाने १९१४ साली पुरातत्त्व खाते काढले आणि गुलाम यझदानी हे त्याचे प्रमुख झाले. लेण्यांतील चित्रांचे पोपडे गळत होते, म्हणून १९२० च्या सुमारास संस्थानाने खास इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी पोपडे पक्के बसवले. त्या कामामुळे पुष्कळ चित्रे वाचली, हे खरेच. पण चित्रांवर त्यांनी लाखेच्या रोगणाचा थरही दिला. पुढे तो थर पिवळा पडला, त्यावर धूळ बसली आणि चित्रे काळवंडली. तो थर काळजीपूर्वक उतरवण्याचे काम पुढच्या पिढ्यांतील रसायनतज्ज्ञांना करावे लागले. जगातले नामांकित कारागीरही चुकू शकतात, तर गावातला रंगारी डबा घेऊन आला असताना आपण किती सावध असायला हवे!

आता जे सांगणार आहे ते थोडे टोचेल, पण घरातल्या माणसांसमोर बोलतो आहे म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी नववीच्या मुलांना घेऊन मी आपल्याच भागातील एका गावी गेलो होतो. तिथली मशीद जुनी. जांभ्या दगडाच्या भिंती, लाकडी खांब आणि वर कौले. दरवाजाच्या कपाळावर एक दगडी पाटी होती. तीवर अक्षरे असावीत असा उठाव हाताला लागत होता. पण पाटीवर हिरव्या तेलरंगाचे इतके थर बसले होते की एक शब्दही वाचता येईना. जमातीचे एक बुजुर्ग मोठ्या मायेने म्हणाले, “सर, दर रमजानच्या आधी आम्ही रंग देतो. कधी चुकवत नाही.” त्यांच्या श्रद्धेला माझा सलाम आहे. पण तेवढ्यात एका मुलाने विचारले, “सर, ही मशीद किती जुनी?” बुजुर्ग म्हणाले, “फार जुनी.” यापलीकडे कोणालाच काही सांगता आले नाही. उत्तर तर आमच्या डोक्याच्या वीतभर वर होते, फक्त ते रंगाखाली गाडले गेले होते.

पालकहो, त्या मुलाचा प्रश्न साधा नव्हता. आपली मुले मोठी होतात, शहरात जातात. तिथे कधी ना कधी त्यांना कोणीतरी विचारतेच, “तुम्ही मूळचे कुठले?” आपण म्हणतो, इथलेच. हे खरेही आहे. आपली भाषा इथली, शेत इथले, आजी-आजोबांच्या कबरी इथल्या. पण ‘इथलेच’ या शब्दाला पुरावा लागतो तेव्हा तो कुठे असतो? मशिदीच्या पाटीवर असतो, कबरीच्या दगडावर असतो, ट्रंकेत पडलेल्या सनदेत आणि इनामाच्या कागदात असतो. हा पुरावा दुसरे कोणी पुसण्याची भीती आपण बाळगतो, आणि इकडे रंगाच्या डब्याने, हातोड्याने आणि वाळवीच्या मदतीने आपणच तो पुसत असतो. शंभर वर्षांची कौलारू मशीद एका उन्हाळ्यात पाडली जाते. जुना दगड भरावात जातो, कोरीव खांब जळणात जातात आणि नव्या पाटीवर मोठ्या अक्षरांत देणगीदारांची नावे येतात. देणगीदारांचे पुण्य कोणी नाकारत नाही. पण ज्यांनी पहिला दगड रचला, त्यांचे नाव पुसण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कोणी म्हणेल, “सर, वस्ती वाढली, जुम्म्याला जागा पुरत नाही. मग काय जुन्यातच दाटी करून बसायचे?” हा प्रश्न रास्त आहे. वास्तू माणसांसाठी असते. जिथे जागा असेल तिथे जुना गाभा ठेवून शेजारी वाढवता येते. जिथे पाडण्यावाचून इलाज नसेल, तिथे निदान पुढील पाच गोष्टी कराव्यात, अशी माझी प्रत्येक जमातीला आणि मुतवल्लींना हात जोडून विनंती आहे.

पहिली : हातोडा लागण्यापूर्वी इमारतीचे आतून-बाहेरून फोटो काढा आणि लांबी, रुंदी, उंची मोजून कागदावर उतरवा.

दुसरी : शिलालेख असेल तर त्यावरचा रंग पत्र्याने किंवा तारेच्या ब्रशने खरवडू नका. तज्ज्ञांना दाखवा. ओला कागद दगडावर दाबून बसवून, वर शाई लावून लेखाचा ठसा घेता येतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी आणि फारसी शिलालेखांची शाखा आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. तिला पत्र लिहायला दोन ओळी पुरतात.

तिसरी : पाटी नव्या इमारतीत डोळ्यांच्या उंचीवर, वाचता येईल अशी बसवा आणि तिच्याखाली मराठीत अर्थ लिहा.

चौथी : कोरीव लाकूड आणि दगड विकू नका. एक कोपरा त्यासाठी राखा.

पाचवी : वास्तू किंवा तिचा परिसर संरक्षित आहे का, याची आधी चौकशी करा. असेल तर परवानगीवाचून एक वीटही हलवू नका.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याकडे वळतो. जतन हे केवळ म्हाताऱ्यांचे काम नाही. ते शिक्षणाचे आणि नोकरीचेही क्षेत्र आहे. रसायनशास्त्र आवडणाऱ्याला दगड आणि रंग वाचवण्याचे शास्त्र शिकता येते. स्थापत्य शिकणाऱ्याला जुन्या इमारती सावरण्याचे खास शिक्षण घेता येते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वशास्त्र शिकवतात. आणि ज्याच्या घरात उर्दू आहे, त्याला फारसी लिपीचे दार अर्धे उघडेच असते. जोडीला मोडी शिकलात तर महाराष्ट्राच्या जुन्या कागदांची दोन्ही कुलपे तुमच्या हातांनी उघडतील.

या वाटेने गेलेली मोठी माणसे आपल्यासमोर आहेत. मघाशी ज्यांचे नाव घेतले त्या गुलाम यझदानींनी फारसी-अरबी शिलालेखांचे संपादन केले आणि बौद्ध लेण्यांच्या चित्रांवर चार खंडांचा ग्रंथही सिद्ध केला. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे ग. ह. खरे यांनी फारसी आत्मसात केली आणि मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने संपादित करून छापली. एका मुसलमान विद्वानाने अजिंठा जगापुढे मांडला, एका हिंदू विद्वानाने फारसी कागद मराठी वाचकापुढे ठेवले. हे माझे की तुझे, असा प्रश्न त्यांच्यापैकी कोणाला पडला नाही. म्हणूनच त्यांच्या कामाचा लाभ आज आपल्या सर्वांना होतो आहे.

नाव बरोबर माहीत असणे, हीसुद्धा जतनाची पहिली पायरी आहे. अहिल्यानगरजवळच्या डोंगरावरील अष्टकोनी इमारतीला लोक ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतात. तो ना महाल, ना चांदबीबीचा. ती निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची कबर आहे. तुमच्या गावातल्या वास्तूंचीही अशीच गत असू शकते. म्हणून आजोबांना विचारा, गावची नोंद पाहा, दगडावरची तारीख उतरवून घ्या.

शेवटी संस्थेसमोर एक सूचना ठेवतो. आपल्या शाळेत येणारी मुले कितीतरी गावांची आहेत. प्रत्येक मुलाने सुटीत आपल्या गावातील एका जुन्या वास्तूची नोंद करावी. मशीद, मंदिर, विहीर, वेस, कबर, काहीही चालेल. नाव, जागा, माप, फोटो, शिलालेख आणि बुजुर्गांनी सांगितलेली माहिती, एवढे एका पानावर लिहावे. त्या पानांची एक वही शाळेच्या ग्रंथालयात राहावी. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यातली निवडक पाने छापता येतील. याला संस्थेला खर्च येणार नाही, आणि दहा वर्षांनी आपल्याकडे जे असेल ते कोणत्याही सरकारी कचेरीत नसेल.

अहिल्यानगरला दमडी मशीद नावाची एक लहानशी, दगडात अप्रतिम कोरीव काम केलेली मशीद आहे. किल्ल्याच्या कामावरील मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढून ती उभारली, असे सांगतात. आपली शाळाही अशीच लोकांच्या दमडी-दमडीवर उभी आहे, म्हणून तिची किंमत आपल्याला वेगळी सांगावी लागत नाही. गरिबांनी दमडी देऊन जे बांधले, ते राखायला आज आपल्याकडून दमडीचीही अपेक्षा नाही. अपेक्षा आहे ती थोड्या लक्षाची. पावसाळ्याआधी एकदा शिडी लावा आणि रंगाचा डबा उघडण्यापूर्वी एकदा विचारा, या रंगाखाली काय लिहिले आहे?

 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.